हे मशीन बंद करू नये

सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं एक काळा, घनाकृती संगणक जपून ठेवला आहे. टिम बर्नर्स-ली यांचा हा नेक्स्ट संगणक. १९९० च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर याच्यावर चालू झाला. त्याच्या अंगावर एक लेबल चिकटवलेलं आहे आणि त्यावर लाल शाईनं, हातानं लिहिलंय की हे मशीन सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका.

लेबलाची गोष्ट बरेचजण सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. हा संगणक कुठल्या थंडगार खोलीतल्या लोखंडी कपाटात बसवलेला नव्हता. तो बर्नर्स-लींचा रोजच्या कामाचा संगणक होता. त्याला खिडक्या होत्या, मेनू होते, माउस होता. पहिला ब्राउझरही त्यांनी त्याच्यावरच लिहिला. म्हणजे डेस्कटॉपवर सर्व्हर चालवणं हा नवख्यांचा आगाऊपणा असेल, तर वेबचा जन्मच त्या आगाऊपणातून झालेला आहे.

तसल्या चिठ्ठ्या आपल्याकडेही कमी नाहीत. सीएच्या ऑफिसात ज्या मशीनवर टॅलीचा डेटा असतो त्याच्या सीपीयूवर, दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलाखाली, कॉलेजच्या ग्रंथालयात. ‘सर्व्हर आहे. बंद करू नये.’ वरून सेलोटेप, सेलोटेपखाली वर्षानुवर्षांची धूळ. यातली बरीचशी मशीनं विंडोजवर चालतात. पण जिथे लिनक्स आहे तिथे एक प्रश्न हमखास निघतो: उबुंटूची किंवा डेबियनची चित्रमय, डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकली आहे, त्याच मशीनवर सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालवलं तर चालतं का? जाणकार म्हणतात, छे, सर्व्हरवर डेस्कटॉप म्हणजे गुन्हा. नवखे म्हणतात, आमचं तर दोन वर्षं मस्त चाललंय. माझ्या मते दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडतात. भांडण रॅम आणि वेग यांवर चालतं, आणि घात मात्र निराळ्याच ठिकाणी होतो.

आधी एक गंमत. लिनक्सच्या जगात ‘सर्व्हर’ आणि ‘डेस्कटॉप’ ही दोन टोकं मानली जातात, पण कित्येक वर्षं लिनक्सचा प्रत्येक चित्रमय डेस्कटॉप हा मुळात एक सर्व्हरच होता. एमआयटीमध्ये १९८४ साली एक्स विंडो ही प्रणाली जन्माला आली. तिच्या परिभाषेत तुमच्या समोरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात असतो तो सर्व्हर, आणि तुम्ही उघडलेला एडिटर किंवा ब्राउझर हा त्याचा ग्राहक. ग्राहक दूरच्या मोठ्या संगणकावर असला तरी चालायचा. पडदा पुरवणारा टेबलावरच असायचा. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांचा इथे गोंधळ उडाला, कारण त्यांच्या मनात सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी असलेलं मोठं धूड. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडनं एक्सची जागा आता बरीचशी घेतली असली, तरी तुमच्या डेस्कटॉपवर आजही गुपचूप सेवा चालू असतात: छपाई सांभाळणारा कप्स, शेजारची उपकरणं हुडकणारा अवाही. तुम्ही ज्याला साधा डेस्कटॉप म्हणता ते चार-पाच छोट्या सर्व्हरांचं एकत्र कुटुंब आहे.

दुसरा गैरसमज असा की ‘सर्व्हर आवृत्ती’ म्हणजे काहीतरी वेगळं, भारी लिनक्स. एके काळी यात थोडं तथ्य होतं. उबुंटूचा सर्व्हरसाठीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वेगळा बांधला जायचा. कामांची अदलाबदल कितीदा करायची, डिस्कवरच्या रांगा कशा लावायच्या, हे त्यात निराळं ठरवलेलं असायचं. २०१२ च्या १२.०४ या आवृत्तीपासून दोन्हींचा कर्नल एकच झाला. डेबियनमध्ये तर इन्स्टॉल करताना एका खुणेचा फरक असतो: डेस्कटॉप हवा की नको. वेबची पानं पुरवणारा अपाची तोच, डेटाबेस सांभाळणारी मारियाडीबी तीच, पॅकेजंही त्याच भांडारातून येतात. त्यामुळे डेस्कटॉपवरचा अपाची सर्व्हर-आवृत्तीवरच्या अपाचीपेक्षा कच्चा असतो, असं समजायचं काही कारण नाही.

पडदा गोठला की सर्व्हरही मेला, ही भीतीसुद्धा बहुतांशी फोल आहे. सिस्टमडी २०१० मध्ये आलं आणि पुढच्या पाचेक वर्षांत बहुतेक लिनक्सांत स्थिरावलं. यंत्र चालू होताना जी पहिली प्रक्रिया जागी होते ती हीच, आणि अपाची किंवा डेटाबेस यांना थेट तीच उभं करते. डेस्कटॉप हे तिचं आणखी एक अपत्य. एक पोर रुसून बसलं म्हणून दुसरं काम थांबवत नाही. पडदा हँग झालेला असताना शेजारच्या मशीनवरून वेबसाइट उघडून बघा, बहुतेकदा ती बिनतक्रार उघडते. अपवाद ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा. तो कर्नलच्या पोटात बसलेला असतो. तो कोलमडला तर अख्खं घर खाली आणतो. नव्या कर्नलच्या अपडेटनंतर एनव्हिडियाचा ड्रायव्हर जुळेनासा झाला, हे दुखणं डेस्कटॉपवाल्यांना नवं नाही. बिनपडद्याच्या मशीनला ते सहसा शिवतही नाही.

राहता राहिली रॅम. चित्रांशिवायचं डेबियन नुसतं बसलेलं असताना दीड-दोनशे एमबीत भागवतं. ग्नोम डेस्कटॉप आला की आकडा एक जीबीच्या आसपास किंवा पुढे जातो. दोन जीबीच्या जुन्या मशीनवर ही चैन परवडणारी नाही. आठ जीबीच्या मशीनवर हा वाद घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मिठाचा हिशेब मागणं. शिवाय रॅम खातो तो डेस्कटॉप नव्हे, ब्राउझर. सर्व्हरच्या मशीनवर बसून कुणी तीस टॅब उघडले, त्यात यूट्यूब लावलं, की खरी ओढाताण सुरू होते. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल प्रत्येक प्रक्रियेला गुण देतो. ज्यानं जास्त जागा अडवली त्याला जास्त गुण, आणि सर्वाधिक गुणवाल्याचा बळी. डेटाबेस ही एकच लठ्ठ प्रक्रिया असल्यामुळे तिचा नंबर लागू शकतो. क्रोमसारखे ब्राउझर या बाबतीत सभ्य आहेत, ते आपल्या टॅबांना स्वतःहून बळींच्या रांगेत पुढे उभं करतात. पण बळी जाण्याआधी मशीन बराच वेळ डिस्कवरच्या स्वॅपमध्ये घुटमळत राहतं आणि तेवढ्यात बाकीच्यांची सेवा ठप्प होते. हे टाळायला सिस्टमडीनं आधीच हस्तक्षेप करणारा एक रखवालदार आणला. फेडोरानं तो २०२१ मध्ये, उबुंटूनं २०२२ मध्ये सुरू केला, आणि उबुंटूवाल्यांनी लगेच तक्रार केली की आमचा ब्राउझर डोळ्यांदेखत गायब होतो. रखवालदाराला मग थोडं मवाळ करावं लागलं. डेटाबेसच्या सेवेला ‘याला शेवटी हात लावा’ अशी खूण एका ओळीत करता येते. ती फार कमी लोक करतात.

हे झालं नेहमीचं भांडण. आता ज्यानं मला हा लेख लिहायला लावला त्याकडे येतो.

कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं. होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये नवी लिहून घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही भेट भारतातल्या कॉलेजांनी मनापासून घेतली, महाराष्ट्रातल्या कॉलेजांनीही. तिच्या पोटात अपाची आहे, मारियाडीबी आहे, झेब्रा नावाचं शोधयंत्र आहे. अंथरूण डेबियनचं किंवा उबुंटूचं. शास्त्रानुसार हे सगळं बिनपडद्याच्या सर्व्हरवर असायला हवं. प्रत्यक्षात ग्रंथपालांनी व्हिडिओ बघून स्वतःच ते उतरवलेलं असतं, आणि व्हिडिओतल्या माणसासमोर उबुंटूचा डेस्कटॉप असतो. वेगळ्या मशीनला मंजुरी नसते. मग देवघेवीच्या काउंटरवर जे मशीन आहे तेच सर्व्हर होतं.

अशाच एका ग्रंथालयातून मला फोन आला. रोज दुपारी कॅटलॉग बंद पडतो म्हणे. वाचनकक्षातल्या मशीनवर पान उघडत नाही, मुलं ताटकळतात, आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं. मी गेलो, सर्व्हरच्या मशीनसमोर बसलो, माउस हलवला, सगळं ठणठणीत. स्विच बदलून पाहिला, केबल बदलली, अपाचीच्या नोंदी वाचल्या. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही आलात की बरं चालतं हो.” त्यांनी विनोद केला नव्हता, उत्तर सांगितलं होतं. कळायला मला दोन खेपा लागल्या. जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कुणी नसायचं. ग्नोमनं मार्च २०१८ च्या ३.२८ या आवृत्तीपासून असं ठरवलं की मशीन भिंतीतल्या विजेवर चालत असलं, तरी वीस मिनिटं कुणी हात लावला नाही तर त्याला झोपवायचं. वीज वाचते, लॅपटॉपवाल्यांची सोय होते. पण इथे हात लावणं म्हणजे कीबोर्ड किंवा माउस. नेटवर्कवरून चाळीस मुलं पुस्तकं शोधत असली तरी डेस्कटॉपच्या लेखी खोली रिकामीच. मॅडम जेवून आल्या, माउसला धक्का लागला, मशीन जागं झालं. मी तपासायला आलो की पहिलं काम माउस हलवण्याचं. म्हणजे रोग बघण्याआधीच मी तो बरा करत होतो.

आणि हे नुसत्या सेटिंगच्या खिडकीतून बंद केलं तरी पुरत नाही. कुणीच लॉगिन केलेलं नसेल तेव्हा लॉगिनच्या पडद्याची स्वतःची वेगळी सेटिंग असते, आणि तोही मशीनला झोपवतो. खरा उपाय सिस्टमडीकडे. झोपणं, निद्रिस्त होणं ही जी लक्ष्यं त्याच्याकडे असतात त्यांच्यावर ‘मास्क’ चढवायचा. मग डेस्कटॉपनं कितीही विनवलं तरी यंत्र झोपत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. डेस्कटॉपच्या सगळ्या मूळ सेटिंगा एका गृहीतकावर उभ्या असतात: समोर माणूस बसलेला आहे. सर्व्हरच्या सेटिंगा उलट गृहीतकावर: समोर कुणीही नाही आणि कुणी येणारही नाही. झोप हे त्या गृहीतकाचं पहिलं फळ. बाकीची फळंही त्याच झाडाची.

वायफायचं घ्या. डेस्कटॉपवर वायफायचा पासवर्ड टाकला की तो पुष्कळदा त्या वापरकर्त्याच्या खात्यात जाऊन बसतो, संपूर्ण यंत्राच्या नावे नाही. मशीन रिस्टार्ट झालं की अपाची उठतो, डेटाबेस उठतो, पण नेटवर्क कुणाच्या तरी लॉगिनची वाट बघत राहतं. रात्री लाईट जाऊन आली, सकाळी घरून कुणी पाहिलं तर सर्व्हर गायब. ऑफिसात येऊन लॉगिन केलं की हजर. ‘सर्व वापरकर्त्यांना जोडू द्या’ या एका चौकटीत टिक केली की काम होतं. त्याहून बरं म्हणजे तार ओढावी. सर्व्हरला वायफाय द्यायचंच कशाला?

त्याहून जास्त नुकसान करते ती काळी खिडकी. कुणीतरी एखादं जावातलं किंवा पायथनमधलं सॉफ्टवेअर आणून देतं आणि सांगतं, टर्मिनल उघडा, ही आज्ञा द्या, चालू झालं. मग आपोआप लॉगिन लावलं जातं, स्टार्टअपच्या यादीत ती आज्ञा घातली जाते, आणि पडद्यावर एक काळी खिडकी कायम उघडी राहते. एक दिवस कुणीतरी टापटीप माणूस ती फुली मारून बंद करतो. सर्व्हर त्या खिडकीचं लेकरू होता, आईबरोबर गेला. खिडकी उघडी ठेवून लॉगआउट केलं तरी तेच. २०१६ मध्ये सिस्टमडीनं लॉगआउटबरोबर मागे राहिलेल्या सगळ्या प्रक्रिया संपवायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. डेबियननं तो नियम आपल्याकडे लागू होऊ दिला नाही. वाद योग्यच होता. पण ज्याला सेवा म्हणून चालायचं त्यानं सत्राच्या आडोशानं राहूच नये. दहा ओळींची एक सेवा-फाइल लिहिली की तेच सॉफ्टवेअर कुणीही लॉगिन न करता उठतं आणि पडलं तर पुन्हा उभं राहतं.

मग माणसं. डेस्कटॉपवर समोर बसलेल्या वापरकर्त्याला मशीन बंद करायला पासवर्ड लागत नाही. आपल्याच टेबलावरचं मशीन बंद करायला परवानगी कशाला, असं ते तर्कशास्त्र. घरात ठीक. काउंटरवर चार माणसं पाळीपाळीनं बसत असतील, तर त्यातला सगळ्यात शिस्तीचा माणूस संध्याकाळी मशीन नीट शटडाउन करून जातो. त्याच्याही वर शिपाई मामा. ते जाताना मेन स्विचच पाडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, तशी सूचना असते. सीपीयूवरची चिठ्ठी मेन स्विचला वाचता येत नाही.

विजेवर थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात हा विषय अर्धा विजेचाच आहे. मूळ बायोसमध्ये बऱ्याच डेस्कटॉपांना ‘वीज गेली, आली, तरी बंदच राहा’ असं शिकवलेलं असतं. ते बदलून ‘वीज आली की चालू हो’ करावं लागतं. हे केल्याशिवाय बाकीचं काहीही करण्यात अर्थ नाही. अचानक वीज गेल्यानं डेटा जातो का? ext४ ही फाइलप्रणाली आणि मारियाडीबी, पोस्टग्रेससारखे डेटाबेस बदल आधी एका वहीत टिपून ठेवतात आणि मग जागेवर लिहितात. त्यामुळे वीज आल्यावर वही वाचून ते स्वतःला सावरतात. अट एवढीच, की डिस्कनं ‘लिहिलं’ म्हटलं तेव्हा तिनं खरंच लिहिलेलं असावं. स्वस्त डिस्का इथे कधीकधी थापा मारतात. छोटा यूपीएस घ्या हे सांगण्यापलीकडे यावर शहाणपण नाही. देणगीत मिळालेल्या जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बघून घ्यावा. तो संपला असला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत पुस्तक परत करायची तारीख भलतीच छापली जाते.

बिलाचा हिशेब सोपा आहे. साठ वॉट ओढणारं मशीन चोवीस तास, तीस दिवस चाललं तर ४३ युनिटं होतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला सव्वाचारशेच्या पुढे. पाच वॉटची रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, याच हिशेबानं सुमारे साडेतीन युनिटांत भागते. जुना लॅपटॉप मधला. त्याला आयता यूपीएस पोटातच असतो. मात्र झाकण मिटलं की तो झोपतो, ते बंद करावं लागतं. आणि कायम चार्जिंगवर राहिली की बॅटरी फुगू शकते. काही लॅपटॉपांत, थिंकपॅडमध्ये तर नक्की, लिनक्समधून ‘ऐंशी टक्क्यांवर थांब’ असं सांगता येतं. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप सर्व्हर म्हणून कपाटात ठेवू नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो.

आता सुरक्षितता. बिनपडद्याच्या पंथाचा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच, आणि तो पोकळ नाही. जेवढं सॉफ्टवेअर जास्त तेवढी दारं जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकानं कप्समधल्या फटींची साखळी जाहीर केली. जवळपासचे प्रिंटर आपोआप शोधणारा त्यातला घटक ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कुणाचंही ऐकत बसायचा. बाहेरच्यानं खोटा प्रिंटर पुढे करायचा, आतल्यानं कधीतरी त्यावर छपाईची आज्ञा द्यायची, की हल्लेखोराला हवी ती आज्ञा मशीनवर चालायची. बिनपडद्याच्या सर्व्हरवर हा घटक असायचं कारणच नव्हतं. डेस्कटॉपवर मात्र कितीतरी ठिकाणी तो न सांगता चालू होता. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीनं उघड केलेली, कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या पोलकिटमधली फट २००९ पासून पडून होती, आणि पोलकिट चित्रं नसलेल्या सर्व्हरांवरही असतो. काळा पडदा म्हणजे कवच नव्हे.

मला जास्त काळजी वाटते ती मूळ सेटिंगांचीच. उबुंटू डेस्कटॉपमध्ये फायरवॉल असते, पण बंद. फेडोराच्या वर्कस्टेशन आवृत्तीत ती चालू असते, पण १०२५ ते ६५५३५ हे सगळे पोर्ट मोकळे ठेवून. समोर बसलेल्या माणसाला गेम खेळताना, फाइल पाठवताना अडचण येऊ नये हा हेतू. त्याच मशीनवर तुम्ही ८०८० वर काही चालवलंत तर फायरवॉल चालू असूनही ते उघडंच. डब्यात बांधलेलं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या डॉकरची तऱ्हा आणखी निराळी: डॉकरनं एखादा पोर्ट बाहेर काढला की तो उबुंटूच्या साध्या फायरवॉलला वळसा घालून जातो. तुम्ही दार लावलंय, तो खिडकीतून आत आलाय, आणि दाराला कुलूप दिसतंय म्हणून तुम्ही निश्चिंत. यावर चांगली सवय एकच: सेवा जिथपर्यंत लागते तिथपर्यंतच ऐकू द्यायची. एकाच मशीनपुरती असेल तर १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर. डेबियनमधली मारियाडीबी मुळातच तशी असते. माँगोडीबीचे कित्येक सर्व्हर तसे नव्हते, पासवर्डही नव्हता; जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो डेटाबेस पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यानंतर त्या वर्षीच्या ३.६ आवृत्तीत मूळ सेटिंग बदलली.

आणि ब्राउझर. ज्या मशीनवर चार हजार विद्यार्थ्यांची नावं, फोन नंबर आहेत, त्याच मशीनवर बसून कुणी फुकटचे सिनेमे शोधत असेल, तर कप्सची फट वगैरे विसरा. कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कपुरता सर्व्हर डेस्कटॉपवर चालवायला माझी हरकत नाही. इंटरनेटवरून अनोळखी लोक जिथे येणार तिथे आहे, आणि तीही मुख्यतः या ब्राउझरमुळे.

तसं पाहिलं तर अनोळखी लोकांना घरापर्यंत आणणंही आता सोपं राहिलेलं नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत कुठे सुरू होत असेल, तर तुमच्यात आणि जगात इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा आणखी एक सामायिक राउटर आहे. हा पत्त्यांचा गट २०१२ मध्ये यासाठीच राखून ठेवला गेला. अशा वेळी राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी येऊ शकत नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर एक वाट आहे. नाहीतर आतून बाहेर बोगदा खणणारी साधनं. वायरगार्ड तर मार्च २०२० पासून थेट लिनक्स कर्नलमध्येच आहे. घरच्या चार माणसांनी बाहेरून घरचे फोटो बघावेत यासाठी मला बोगदाच बरा वाटतो. दार उघडं टाकायची गरजच पडत नाही.

‘पण मला आज्ञा पाठ नाहीत, म्हणून डेस्कटॉप हवा’ हे कारण प्रामाणिक आहे आणि त्याची टर उडवणाऱ्यांनी आपला पहिला महिना आठवावा. फक्त, चित्रं हवीत म्हणून ती सर्व्हरवरच हवीत असं नाही. वेबमिन १९९७ पासून आणि रेड हॅटचं कॉकपिट त्यानंतर, हे काम दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमधून करू देतात: डिस्क किती भरली, कुठली सेवा पडली, अपडेट कुठलं आलं. त्याहून सोपी वाट मी स्वतः बऱ्याचदा सुचवतो. डेस्कटॉप काढून टाकू नका, फक्त तो आपोआप उठू देऊ नका. सिस्टमडीला सांगितलं की मशीन काळ्या पडद्यावर येऊन थांबतं, ग्राफिक्स झोपलेलंच राहतं. कधी गरज पडली तर एका आज्ञेनं डेस्कटॉप उठवायचा, काम झालं की परत झोपवायचा. लांबून बघायचा असेल तर मार्च २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ पासून मशीनसमोर कुणी लॉगिन केलेलं नसतानाही दूरून लॉगिन करता येतं. त्याआधी मॉनिटरही न जोडलेल्या मशीनवर लोक एचडीएमआयच्या भोकात एक खोटा प्लग खुपसून ग्राफिक्स कार्डाला फसवत असत. अजूनही फसवतात.

आवृत्ती निवडताना मात्र डेस्कटॉपची हौस बाजूला ठेवावी. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने आधार मिळतो, फेडोराला साधारण तेरा. दर वर्षी घर बदलायची ज्याला आवड असेल त्यानं घ्याव्यात. सर्व्हर म्हणून ठेवायचं तर उबुंटूची पाच वर्षं आधाराची आवृत्ती किंवा डेबियन.

गेल्या दोन-तीन वर्षांत या जुन्या प्रश्नाला नवीनच गिऱ्हाईक मिळालंय. घरच्या मशीनवर भाषेची एआय-प्रारूपं चालवणारी मंडळी. ज्यांच्याकडे भारी ग्राफिक्स कार्ड आहे त्यांचं मशीन मुळात गेमिंगचा डेस्कटॉपच असतं, वेगळा सर्व्हर कुठून आणणार? ओलामासारखं सॉफ्टवेअर ११४३४ या पोर्टवर, मूळ सेटिंगनं फक्त घरच्या पत्त्यावर ऐकतं. फोनवरून वापरायला मिळावं म्हणून लोक ते सगळ्या जगाला ऐकू देतात, आणि पासवर्ड तर नसतोच. इथे डेस्कटॉपचं ओझंही खरं असतं: पडदा त्याच कार्डावर चालत असला की कार्डाच्या मेमरीचा एक तुकडा तो खातो, आणि प्रारूप नेमकं तेवढ्यासाठी मावत नाही. मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डला जोडली, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर, की तो तुकडा सुटतो. फुकटचा उपाय.

ग्रंथालयाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. झोप कायमची बंद केली, बायोस बदललं, डेस्कटॉप आपोआप उठणार नाही असं केलं. काउंटरला एक जुनं मशीन मिळालं, ते नुसता ब्राउझर चालवतं, आणि सर्व्हर खोलीच्या कोपऱ्यात गेला, तारेनं जोडलेला. कोहा रोज रात्री डेटाची प्रत काढतो, पण त्याच डिस्कवर ठेवतो आणि दोन दिवसांनी पुसतो, हे मॅडमना माहीत नव्हतं. आता दर शनिवारी त्या ती पेन ड्राइव्हवर घेतात आणि घरी नेतात. चिठ्ठी मी काढणार होतो, त्यांनी काढू दिली नाही. शिपाई मामांना बोलावून त्यांनी ती सीपीयूवरून उचकटली आणि दाराशेजारच्या मेन स्विचवर चिकटवली.